कावेरीतील गळ आणि इंद्रायणीचा मासा

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी इतिहासविषयक लेख म्हटला की बंगळूरच्या मराठी माणसाची लेखणी सहजच शहाजीराजांकडे वळते, आणि ते योग्यच आहे. १६३८ साली हे नगर आदिलशाहीच्या हाती आले व पुढे शहाजीराजांच्या जहागिरीत गेले, तेव्हापासून आपला येथील संबंध सांगितला जातो. ती कथा आपण सर्वांनी अनेकदा ऐकली आहे. म्हणून आज आम्ही वाचकांस दुसऱ्या एका स्थलांतराची हकीकत सांगणार आहोत. मावळातून निघून कावेरीच्या पात्रात कायमचा स्थायिक झालेला हा प्रवासी म्हणजे एक मासा होय. आणि त्यास येथे येण्यास कारण झाला तो माणसाचा एक जुना छंद, गळ टाकून बसण्याचा.

या छंदाविषयी आपल्या समाजात फारसा आदर आढळत नाही. ज्यांचा तो उदरनिर्वाह आहे त्या कोळी-भोई मंडळींची गोष्ट वेगळी. परंतु पोटाची निकड नसताना दिवसभर पाण्याकडे डोळे लावून बसणारा गृहस्थ आपल्याला निरुद्योगीच वाटतो. भाषेनेही गळाची बाजू घेतलेली नाही. ‘अमका गळाला लागला’ असे आपण म्हणतो तेव्हा त्यात फसवणुकीचाच वास असतो. मात्र याच दख्खनच्या भूमीवर सुमारे नऊशे वर्षांपूर्वी एका राजाने या छंदास शास्त्राचा मान दिला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

तो राजा म्हणजे कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर. त्याची राजधानी कल्याण, म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. इ. स. ११३०च्या सुमारास सिद्ध झालेला त्याचा ‘मानसोल्लास’ अथवा ‘अभिलषितार्थचिंतामणि’ हा संस्कृत ग्रंथ मराठी अभ्यासकांस परिचित आहे तो निराळ्या कारणाने. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात हा उल्लेख त्यात आहे आणि मराठीच्या आरंभीच्या रूपाच्या काही ओळीही त्यात सापडतात. भाषेचा तो पुरावा शोधण्याच्या नादात आपले लक्ष शेजारच्या प्रकरणाकडे गेले नाही. शंभर अध्यायांच्या या ग्रंथात राजाने करावयाच्या करमणुकींमध्ये ‘मत्स्यविनोद’ नावाचे एक प्रकरण आहे. समुद्रातील मासे कोणते व नदीतील कोणते, खवल्यांचे कोणते व बिनखवल्यांचे कोणते, कोणाला कशाचे गोळे आवडतात, त्यांना एका जागी चारा घालून कसे सवकवावे, काठी कशी असावी, दोर कशाचा असावा, मासा लागल्याचे कसे ओळखावे, या सर्वांचा विचार राजाने मोठ्या गांभीर्याने केला आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यविद्या ग्रंथमालेत ‘मानसोल्लास’ प्रसिद्ध झाला. आणि भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे तत्कालीन संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या मत्स्यप्रकरणाचा परिचय शास्त्रज्ञांस करून दिला. जाणकारांनी त्यास जगातील गळविद्येच्या फार जुन्या विवेचनांत स्थान दिले आहे.

सोमेश्वरानंतर मात्र या विद्येचे लेखन दीर्घकाळ आढळत नाही. पुढचा महत्त्वाचा ग्रंथ येतो तो एकदम इंग्रजी अमदानीत, आणि तोही कर्नाटकातच. मद्रास सनदी सेवेतील हेन्री सुलिव्हन थॉमस यांचे ‘द रॉड इन इंडिया’ हे पुस्तक १८७३ साली मंगळूर येथे छापले गेले. स्कॉटलंडच्या सामन माशावर वाढलेल्या साहेबास हिंदुस्थानातला महासीर झुंजीत त्याच्याहून सरस वाटला, आणि त्याने ते मोकळेपणाने लिहिले. मग काय, वरिष्ठ अधिकारी, मळेवाले, पलटणीतले अंमलदार, सगळ्यांच्याच काठ्या कावेरीकडे वळल्या.

महासीराची कीर्ती खोटी नाही. हा मासा प्रवाहाच्या जोरात, खडकांच्या आडोशाला राहतो. त्याच्या जबड्यात दात नसतात, परंतु घशात असतात, आणि शिंपले-खेकडे भरडणारा तो घसा लोखंडी आकडाही वाकवून टाकतो. गळ लागताच तो पहिली धाव अशी घेतो की चक्रावरचा दोर बघता बघता संपत येतो. आणि खडकाच्या धारेवर दोर एकदा घासला की सारे संपले. सकाळपासून तापल्या दगडावर बसावे, ऊन डोक्यावर यावे, आमिष कासवाने नाहीतर खेकड्याने खाऊन टाकावे, चार वेळा गळ खडकात अडकावा, आणि पाचव्या वेळी खरोखर मासा लागून अर्ध्या मिनिटात दोर तुटावा, असा या छंदाचा नित्याचा हिशेब आहे. सायंकाळी रिकाम्या हाताने परतलेला मनुष्य दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच दगडावर का जातो, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस कोणी देऊ शकलेले नाही. सुटलेला मासा सांगताना दरवेळी थोडा मोठा होतो, एवढे मात्र सर्व देशांत सारखेच.

ज्यांचे मासे सुटले नाहीत त्यांत पहिले नाव म्हैसूरच्या व्हॅन इंगन घराण्याचे. शिकारीतील वाघ-बिबटे पेंढा भरून राखण्याच्या कलेत हे घराणे जगप्रसिद्ध होते. त्यांपैकी जे. डी. वेट व्हॅन इंगन यांनी २२ मार्च १९४६ रोजी कावेरीची उपनदी कबिनी हिच्यात १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा महासीर गळाने काढला. तो विक्रमी मासा होता कावेरीचा स्वतःचा महासीर: पाठीवर उंच वशिंड, परांवर नारिंगी झाक, आणि देह असा की दोन माणसांनी धरावा.

स्वातंत्र्यानंतर साहेब गेला आणि त्याच्याबरोबर हा छंदही गेला असे वाटले. परदेशातील शौकिनांत तर हे मोठे महासीर आता उरलेच नाहीत असा समज पसरला होता. १९७७ साली तीन इंग्रज तरुण त्यांच्या शोधात भारतात आले आणि पुढच्या वर्षी कावेरीत त्यांना ९२ पौंडांचा मासा मिळाला. तेथून या नदीचे दिवस पालटले. बंगळूरमध्ये १९७२ साली स्थापन झालेल्या ‘वाइल्डलाइफ असोसिएशन ऑफ साउथ इंडिया’ या संस्थेने नदीचा एक पट्टा राखण्यास घेतला होता. १९८० साली कर्नाटक शासनाने ‘जंगल लॉजेस अँड रिसॉर्ट्स’ हे मंडळ काढले आणि कालांतराने येथून सुमारे शंभर किलोमीटरवर, शिवनसमुद्राच्या खालच्या अंगाला भीमेश्वरी, दोड्डमक्कळी व गालिबोरे येथे तंबू उभे राहिले. देशोदेशींचे लोक येऊन नाचणीच्या पिठाचे शिजवलेले घट्ट गोळे गळाला लावून बसू लागले. आपल्या आजीने ज्याची भाकरी भाजली ते धान्य परदेशी पाहुण्याने माशासाठी मळावे, याची आम्हांस नेहमी गंमत वाटते. काठावरच्या खेड्यांतील, पूर्वी चोरून सुरुंगाने मासे मारणारी काही माणसे आता टोपलीसारख्या गोल ‘हरिगोलु’तून पाहुण्यांना नेऊ लागली. नियम एकच होता: मासा तोलावा, वहीत लिहावा आणि जिवंत परत सोडावा.

येथे आपल्या प्रवाशाच्या माहेरी जाणे आवश्यक आहे.

विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारच्या नोकरीत दख्खनची आकडेवारी गोळा करणारे लष्करी अधिकारी. जमीनमहसुलाबरोबरच पक्षी, मासे, धान्ये यांच्याही नोंदी त्यांनी केल्या. (सरकारी काम करता करता असे जास्तीचे काम करणारे अधिकारी पूर्वी असत.) पुण्याच्या पूर्वेस काही मैलांवर मुळामुठेत मिळालेल्या एका महासीराचे वर्णन त्यांनी १८३९ साली प्रसिद्ध केले व त्यास स्थानिक नावावरून ‘खुद्री’ हे नाव दिले. शास्त्रीय जगात तो आजही ‘टॉर खुद्री’ म्हणूनच ओळखला जातो. अंगाने सडसडीत, परांवर निळसर झाक, वशिंड नाही.

या खुद्रीचे भाग्य उजळले ते लोणावळ्यास. टाटांच्या वीजनिर्मितीसाठी इंद्रायणीवर वळवणचे धरण बांधलेले आहे. १९७०च्या दशकात तेथील जलाशयाकाठी महासीराची कृत्रिम पैदास सुरू झाली. तिच्यामागे होते डॉ. सी. व्ही. कुलकर्णी. त्यांनीच १९४० साली मुंबई परिसरातील एका चिमुकल्या माशास ‘होराइक्थिस सेत्नाय’ असे नाव देऊन डॉ. होरांचा गौरव केला होता. सोमेश्वराचे प्रकरण उलगडणारे होरा ते हेच. खुद्रीची मादी केव्हा अंडी देते, ती कशी फलित करावी, पिल्ले कशी जगवावी हे कुलकर्णी व त्यांचे सहकारी एस. एन. ओगले यांनी धीराने सिद्ध केले. फलित अंडी पाण्याशिवाय, नुसत्या ओल्या कापसात ठेवून विमानाने दूरवर पाठवता येतात हेही त्यांनी १९७९ साली जगाला दाखवून दिले. धरणांनी नद्या अडल्या होत्या, सुरुंगांनी डोह ओस पडले होते. अशा काळी महासीर वाचवण्याचा हा खटाटोप कौतुकास्पदच होता. देशातील अनेक राज्यांना लोणावळ्याहून बीज गेले. कावेरीतही खुद्रीची पिल्ले सोडण्यात आली. आमच्यासारख्या बदलीच्या नोकरीतील माणसांच्या भाषेत सांगावयाचे तर देहू-आळंदीच्या नदीकाठच्या माशास कावेरीवर रुजू होण्याचा हुकूम मिळाला.

तो रुजू झाला, रमला आणि वाढला. गळवाल्यांची चंगळ झाली. पूर्वी दिवसाकाठी एखादा मासा लागे तेथे आता लहान लहान अनेक लागू लागले.

गालिबोरेच्या तळावर पाहुण्यांच्या माशांची वही ठेवलेली असे. कोणी किती तास गळ टाकला, कोणता मासा लागला, किती पौंडांचा. हेतू शास्त्राचा नव्हता. आपला मासा इतरांना दिसावा एवढाच होता. १९९८ ते २०१२ या काळातील या नोंदी एड्रियन पिंडर, राजीव राघवन व रॉबर्ट ब्रिटन या संशोधकांनी तपासल्या. २३,६२० तासांची गळमारी आणि ६,१६१ महासीर, एक पौंडापासून १०४ पौंडांपर्यंतचे. २०१५ साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. निळ्या परांच्या खुद्रीची संख्या वाढत गेली होती. वशिंडवाल्याची घटत गेली होती. परंतु जे थोडे लागत त्यांचे सरासरी वजन मात्र वर्षागणिक वाढत होते. वरवर पाहता ही आनंदाची वार्ता वाटेल. तिचा अर्थ असा की लहान मासे येतच नव्हते. जे होते तेच म्हातारे होत चालले होते. ज्या मंडळाच्या सभांना वर्षानुवर्षे तेच पिकलेले चेहरे दिसतात आणि नवा एकही दिसत नाही, त्या मंडळाच्या चालकांना हा आकडा समजावून सांगण्याची गरज नाही.

बाहेरून सोडलेल्या खुद्रीने मूळच्या माशाची जागा घेतली असावी, असा संशोधकांचा रोख आहे. धरणे, वाळूउपसा, सुरुंग हीही कारणे आहेतच. तथापि यात कुलकर्ण्यांना वा बंगळूरच्या शौकिनांना दोष देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. त्या काळी सरकारदरबारी आणि लोकांतही महासीर तो महासीर. कावेरीचा निराळा आणि मुठेचा निराळा, हे बोलून दाखवणारे थोडे आणि ऐकणारे त्याहून थोडे. वस्तुतः कावेरीच्या या महाकाय माशास तेव्हा स्वतःचे असे शास्त्रीय नावही नव्हते. साइक्स यांनीच वर्णन केलेल्या ‘मुसल्ला’ नावाच्या दख्खनी माशाचे नाव त्याला पुष्कळ दिवस चिकटवलेले होते, आणि तो मुसल्ला तर अगदीच निराळा निघाला. जगभरचे लोक ज्याच्यासाठी समुद्र ओलांडून येत होते तो मासा कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर वावरत होता. कागदाचा कारभार पाहिलेल्या माणसास याचे आश्चर्य वाटत नाही, खेद मात्र वाटतो.

यानंतरचा भाग थोडक्यात सांगतो. कावेरीचा हा पट्टा १९८७ साली अभयारण्य झाला होता. संरक्षित क्षेत्रातील गळ म्हणजे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे शिकारच, असा अर्थ पुढे लावला गेला आणि २०१२पर्यंत तेथील गळ थांबले. कायद्याच्या शब्दाप्रमाणे ते बरोबर असेल. परंतु पहाऱ्यावर असणारी माणसे त्याबरोबर काठावरून उठली आणि ती वहीही बंद झाली. त्यामुळे कावेरीत आज कोणता मासा किती उरला आहे, हे सांगणारी तशी अखंड नोंद २०१२नंतर तेथे नाही.

नावाचा प्रश्न सुटला २०१८ साली. केरळातील पांबार नदीतून २००७ साली वर्णिलेला ‘टॉर रेमादेवी’ आणि कावेरीचा वशिंडवाला हे एकच, असे पिंडर, राघवन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. हे नाव भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेतील मत्स्यशास्त्रज्ञ के. रेमादेवी यांच्या सन्मानार्थ आहे. नाव मिळाले त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ म्हणून त्याची नोंद झाली. ओळख पटवण्यासाठी लागणारे नमुने भीमेश्वरीस किंवा गालिबोरेस मिळाले नाहीत. ते मिळाले निलगिरीच्या पायथ्याशी वाहणाऱ्या मोयार नदीत, जंगलातल्या एका दुर्गम पट्ट्यात. भीमेश्वरीच्या डोहांत आज ज्याची पाठ चमकून जाते तो बहुधा आपल्या मुळामुठेचा खुद्री असतो.