सुकडी, नीरा आणि केनियाला चाललेली पोरगी

पोस्ट थोडी मोठी आहे, सवडीनं वाचा.

परवा बडकस चौकात चहा पिताना आमच्या गल्लीतली एक पोरगी भेटली. आहारशास्त्रात एम.एस्सी. झालेली. म्हणाली, "काका, सहा महिने केनियाला चालली. शाळेतल्या दुपारच्या जेवणाचं काम आहे. पगार नाही, राहणं-खाणं त्यांचं." मला आनंद झाला. शेजारी बसलेला आमचा मित्र मात्र लगेच बोलला, "इथली पोरं काय तुपात लोळून राहिली का बाप्पा?" पोरगी गप्प झाली. मलाही तिथं उत्तर सुचलं नाही, म्हणून इथं लिहितो.

परक्या देशातून खाऊ घालायला माणसं आपल्याकडेही आलेली आहेत. आईचं माहेर जालन्याकडचं. 1972 च्या दुष्काळात ती दहा वर्षांची होती. आजी खडी फोडायला जायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी व्हायच्या. तिकडे मिलो मुख्यतः जनावरांना घालतात, हे तिला फार नंतर कळलं. आणि मिळायची सुकडी. पीठ, गूळ आणि तेलाची. केअर ही अमेरिकी संस्था 1950 पासून भारतात काम करत होती, सुकडीत तिचा मोठा हात होता.

आता सुकडीला नावं ठेवणं सोपं आहे. मी ठेवणार नाही, ती खाऊन माझी आई जगली. पण केअरकडे येणारं धान्य अमेरिकेच्या 1954 च्या पीएल-480 कायद्यातून यायचं आणि तिथलं जादा पिकलेलं धान्य खपवणं हाही त्या कायद्याचा उघड हेतू होता. म्हणजे पोराच्या ताटात काय पडणार, हे पुष्कळदा देणाऱ्याच्या गोदामावरून ठरायचं.

याच्या अगदी उलट वाट डॉ. कमला सोहोनींची. सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून त्यांना आधी नकार दिला, ही गोष्ट दर महिला दिनाला फिरते. पुढचं कुणी सांगत नाही. केंब्रिजहून 1939 मधे डॉक्टरेट घेऊन बाई परत आल्या आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सूचनेवरून त्यांनी नीरा तपासायला घेतली. नीरा! आपल्याकडे जिच्याकडे लोक ताडीची बहीण म्हणून संशयानं बघतात, ती. तिच्यात जीवनसत्त्वं किती, लोह किती, हे त्यांनी मोजलं. कुपोषित आदिवासी मुलामुलींच्या आणि गरोदर बायकांच्या आहारात ती दिली, तर तब्येत सुधारलेली दिसली. या कामाला राष्ट्रपती पारितोषिक मिळालं. शिक्षण केंब्रिजचं, पण उत्तर शोधलं ते इथल्याच झाडावर.

आपली माणसं बाहेरही गेली. पोषण संशोधन प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. वि. ना. पटवर्धन यांनी विल्यम डार्बी यांच्यासोबत अरब देशांतल्या पोषणाच्या स्थितीवर अख्खं पुस्तक लिहिलं. ते आलं 1972 मधेच, आई मिलोची भाकर खात होती त्या वर्षी! तेव्हाही कुणी म्हणालंच असेल, इथलं सोडून तिकडे काऊन?

केनियात शाळेतल्या पोरांना बहुतेक मका आणि घेवड्यासारखे दाणे एकत्र उकडून देतात. गिथेरी म्हणतात त्याला. आपली खिचडी म्हणजे तरी काय? धान्यात जे अमिनो आम्ल कमी असतं ते डाळीत असतं, डाळीत कमी असतं ते धान्यात. हे तिथल्या आज्यांनाही ठाऊक आणि इथल्याही. तेव्हा पोरीला गिथेरी बदलायची नाही, तिच्यात हिरवा पाला कसा वाढेल, तेल किती पडतं, हे बघायचं आहे.

मित्राचा प्रश्न मात्र मी उडवून लावणार नाही. सर्वोच्च न्यायालयानं 28 नोव्हेंबर 2001 ला शिजवलेलं अन्न द्या म्हणून सांगितलं, तोवर आपल्याकडे पोरं महिन्याचे तीन किलो तांदूळ पिशवीत घेऊन घरी जात. आज पहिली ते पाचवीच्या पोरामागे 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी, 5 ग्रॅम तेल ठरलेलं आहे. कागदावर. 2023 च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं, न खाणाऱ्याला केळं. जानेवारी 2025 मधे राज्य सरकारनं त्याचा निधी थांबवला. त्यावर महालात किती जण बोलले? आमचा मित्रही नाही बोलला. मीही एक छोटी बातमी करून मोकळा झालो.

पोरीला म्हटलं, जायच्या आधी आठ दिवस इथल्या एखाद्या शाळेच्या स्वयंपाकघरात बसून ये. ती खरंच गेली, वजनकाटा घेऊन. खिचडी शिजवणाऱ्या बाईंना महिन्याला अडीच हजार मिळतात. त्यांनी पोरीला विचारलं, तुला तिकडं किती भेटणार? ही म्हणाली, काहीच नाही. बाई हसल्या, "मंग बस माझ्या बाजूले, आपलं सारखंच हाय."

बाहत्तरला शाळेत असलेले, सुकडी खाल्लेले कुणी वाचत असाल तर चव कशी होती ते लिहा. आई म्हणते गोड, मावशी म्हणते खवट. दोघींचं अजून जमलेलं नाही.