दोन चुली, एक पगार



आपल्या या गावाला दोन नावे आहेत. कागदावर राजगुरुनगर, बोलण्यात खेड. हुतात्मा राजगुरू १९०८ साली येथे जन्मले, म्हणून गावाने त्यांचे नाव घेतले, पण एस.टी.त चढलेली म्हातारी अजूनही खेडचेच तिकीट मागते. नावे दोन, गाव एक. पोटासाठी येथे येऊन राहिलेल्या कामगाराचे नेमके उलटे असते. त्याचा पगार एक आणि घरे दोन.

आम्हीही तसेच लातूरकडून आलो. एका खोलीत चौघे राहिलो. पगार झाला की पहिले काम मनिऑर्डरचा फॉर्म भरण्याचे. त्यावर पाठविणाराचा एक पत्ता, घेणाराचा दुसरा. पुढे संघटनेच्या कामात पडलो, पगाराचे कायदे धडपडत वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की, पोस्टाच्या त्या फॉर्माला जे ठाऊक होते, ते पगार ठरविणाऱ्या सूत्राला ठाऊक नव्हते.

गोष्ट जुनी आहे. मुंबईच्या गिरण्या कोकणातल्या आणि घाटावरच्या माणसांनी चालविल्या. ते खानावळीत जेवत, एकाच खोलीत पाळीपाळीने झोपत आणि गावी पैसे पाठवीत. १९२९ साली सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याचा अहवाल १९३१ साली आला. राजगुरू फासावर गेले तेच हे साल. आयोगाचे मत पडले की, कामगाराचा गावाशी असलेला धागा एकंदरीत हिताचा आहे, तो राखावा. अडीअडचणीला गाव कामगाराला सांभाळते, हे खरे. पण गावाला कोणी सांभाळायचे?

स्वराज्यात, १९५७ साली, पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत सरकार, मालक आणि कामगार एकत्र बसले व किमान वेतनाचे माप ठरले. मिळविणारा एक आणि त्याच्या पदरी कुटुंब मिळून खाण्याची तीन एकके धरावीत. अन्न डॉ. ॲक्रॉइड यांच्या हिशेबाने. कापड माणशी वर्षाला १८ वार, म्हणजे चौघांना ७२ वार. घरभाडे सरकारी औद्योगिक गृहयोजनेतील किमान भाड्याइतके. सरपण, दिवाबत्ती व किरकोळ खर्चासाठी वेतनाचा २० टक्के भाग. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणवार, म्हातारपण यांसाठी आणखी २५ टक्के धरावेत असे सांगितले. हे माप मोलाचे आहे. लढून मिळालेले आहे. पण त्यात चूल एकच आहे.

इकडे पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ झाले आणि कारखान्यांची रांग लागली. कामगारांना घरे हवीत म्हणून १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. २०२१ साली ते विसर्जित झाले. दरम्यान कारखाने चाकणपर्यंत आले आणि खोल्यांची मागणी आपल्या दारापर्यंत. शेतकऱ्याने जमिनीच्या तुकड्यावर ओळीने खोल्या बांधल्या. त्यांचे भाडे कोणत्या गृहयोजनेत पाहून ठरत नाही. मागणी पाहून ठरते.

दोष दुसऱ्याच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आम्ही स्वतः लिहिलेल्या कित्येक मागणीपत्रांत हेच एका चुलीचे माप उतरवून काढले. डोळे उघडले ते एका कंत्राटी पोराने. त्याला महिन्याचा जमाखर्च लिहायला सांगितला. त्याने खोलीभाडे, डबा, गाडीचे पेट्रोल, मोबाईल असे लिहीत शेवटी सर्वांत मोठा आकडा घातला आणि पुढे लिहिले : 'घरी'. आम्ही म्हटले, "अरे, घरी म्हणजे काय? खोलीभाडे तर वर आलेच की." तो म्हणाला, "दादा, ती खोली. घर गावाला आहे."

त्या आकड्यासाठी तो रात्रीचा डबा घेत नव्हता, हे आम्हाला मागाहून कळले.

तेव्हापासून आमच्या जमाखर्चाच्या तक्त्यात 'गावचे घर' असा एक रकाना असतो. बोलणी करताना मालकपक्ष हसतो. म्हणतो, हे कोणत्या कायद्यात आहे? कायद्यात नाही, हे आम्हीही जाणतो. १९५७ च्या आधी ७२ वार कापडही कोणत्या कायद्यात नव्हते. आधी कोणीतरी ते मोजले, मग मागितले. दुसरी चूल मोजण्याचे काम आता आपले आहे. श्रोत्यांत कोणाच्या खोल्या असतील, कोणाचे किराणा दुकान असेल. भाडेकरूचा पगार आपल्याला पुरेसा वाटला, तर तो किती चुलींना पुरतो, एवढे त्याला एकदा विचारावे.