नांगराविना पेरणी : एका अवजाराचा इतिहास



इतिहास म्हटले की तह, लढाया आणि राजवंश आपल्यापुढे उभे राहतात. परंतु ज्या अवजारांनी माणसाला अन्न दिले, त्यांनाही इतिहास आहे. आज ज्या अवजाराचा विचार करावयाचा आहे, ते न नांगरलेल्या रानात, मागील पिकाच्या धसकटांतून आणि काडातून थेट बी पेरणारे यंत्र होय.

ओळीने पेरण्याची कला आपल्याला नवी नाही. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने 1701 च्या सुमारास आपले पेरणीयंत्र सिद्ध केले; दख्खनच्या शेतकऱ्याच्या हाती पाभर आणि तिफण होतीच. चाड्यावर मूठ धरून सोडलेले बी नळ्यांतून उतरून फणामागे ओलीत पडे. मात्र पाभर असो वा टलचे यंत्र, दोहोंना निर्मळ, भुसभुशीत जमीन लागे. धसकटांत फण घातला की काड अडकून त्याचा ढीग साचे. म्हणून पेरणीपूर्वी मशागत अटळ मानली गेली. नांगर तीन कामे करी : तण मारी, काड गाडी आणि बियाण्यासाठी माती मोकळी करी. त्याला रजा द्यावयाची, तर ही तिन्ही कामे दुसऱ्या कोणी तरी उचलणे भाग होते. पुढील सारा इतिहास या तीन कामांच्या वाटणीचा आहे.

1930 च्या दशकात अमेरिकेच्या मध्यभागातील नांगरून उघडी पडलेली माती वादळांबरोबर उडून गेली. 1943 मध्ये एडवर्ड फॉकनर यांनी ‘प्लाउमन्स फॉली’ या पुस्तकात नांगरावरच आरोपपत्र ठेवले. तरीही तणांचा प्रश्न उरलाच. 1962 मध्ये पॅराक्वॉट हे तणनाशक बाजारात आले, तेव्हा त्याला एक उत्तर मिळाले. त्याच वर्षी केंटकीतील हॅरी यंग यांनी एक एकराहूनही लहान तुकड्यात नांगरणीविना मका घेतला. 1966 मध्ये ॲलिस-चाल्मर्स कंपनीने यासाठी खास पेरणीयंत्र विक्रीस आणले. त्याच्या पुढील नागमोडी चकत्या काड कापून बियाण्यापुरती अरुंद पट्टी मोकळी करीत. मुसळधार पावसाने माती वाहून जाताना पाहणारे ब्राझीलचे हर्बर्ट बार्ट्झ केंटकीत यंग यांना भेटले, असे यंत्र त्यांनी मागविले आणि 1972 मध्ये पाराना प्रांतात सोयाबीन पेरले. या यशाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तण मारण्याचे नांगराचे काम बव्हंशी रसायनाकडे गेले, आणि पॅराक्वॉट हे माणसालाही प्राणघातक विष आहे.

भारतात हा विचार भात-गव्हाच्या प्रदेशात रुजला. भात निघण्यास उशीर झाला, त्यात मशागतीचे दिवस गेले, की गव्हाची पेरणी लांबते आणि उत्पन्न घटते. न्यूझीलंडमध्ये विकसित झालेला, उलट्या ‘टी’ अक्षरासारखा फाळ 1990 च्या सुमारास पंतनगरच्या कृषी विद्यापीठात आला आणि त्यावरून देशी यंत्र घडले. या फाळाची चीर वर अरुंद व तळाशी रुंद असते. त्यामुळे बियाण्याभोवतीची ओल टिकते. हरियाणात त्या दशकात गुल्लीडंडा हे तण नेहमीच्या औषधाला दाद देईनासे झाले होते. माती न हलविल्याने ते कमी उगवते असे आढळले, आणि शेतकरी या पद्धतीकडे वळले.

पण कंबाईनने कापलेल्या भाताचे मोकळे काड या यंत्राच्याही फाळांत अडकू लागले. पंजाबात दरवर्षी सुमारे 2 कोटी टन भाताचे काड निघते. भूजल वाचविण्यासाठी 2009 मध्ये झालेल्या कायद्याने भाताची लावणी पुढे गेली, आणि कापणी व गव्हाची पेरणी यांतील अवधी आणखी आखडला. आगकाडी हा सर्वांत स्वस्त मार्ग ठरला. यावर लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साहाय्याने ‘हॅपी सीडर’ विकसित केला. त्याची फिरती पाती फाळापुढचे काड कापून उचलतात, फाळ बी पेरतो, आणि तेच काड मागे आच्छादन म्हणून पसरते. 2018 पासून केंद्र सरकारने अशा यंत्रांसाठी वैयक्तिक खरेदीस 50 टक्के आणि शेतकरी-गटांच्या अवजार केंद्रांस 80 टक्के अनुदान देऊ केले. 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातील अभ्यासाने ही पद्धत काड जाळण्यापेक्षा सरासरी 10 ते 20 टक्के अधिक फायदेशीर असल्याचे दाखविले.

तरीही आगी विझल्या नाहीत. हे यंत्र वर्षातून काही आठवडेच चालते. त्याला मोठा ट्रॅक्टर लागतो. कंबाईनने काड सारखे पसरले नसेल, किंवा ते दवाने ओले असेल, तर तेही अडखळते. नांगरलेले स्वच्छ रान शेतकऱ्याला एक निश्चिंती देत असे. काडाखाली पेरलेला गहू उगवून येईपर्यंत ती लाभत नाही. नांगराचे हे चौथे काम कोणत्याही यंत्राने उचललेले नाही. ते शेजारच्या शेतकऱ्याच्या अनुभवाने, वेळेवर भाड्याने मिळणाऱ्या यंत्राने आणि पहिल्या वर्षीचा धोका वाटून घेणाऱ्या संस्थांनीच होऊ शकते.

आपल्या माळव्यातही गव्हाची नरवाई जळते, तेव्हा धुराबरोबर जमिनीच्या वाट्याचा सेंद्रिय अंशही जातो. ती पेटविणाऱ्या हाताला दोष देण्यापूर्वी, त्या हातात योग्य वेळी दुसरे अवजार कोण देणार, हा प्रश्न आपण स्वतःला विचारला पाहिजे. या शाळेतून बाहेर पडलेल्या अभियंत्यांनी, अधिकाऱ्यांनी आणि शेतकऱ्यांनी तो आपला मानावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.