हिज मास्टर्स व्हॉइस (तैलचित्र)

हिज मास्टर्स व्हॉइस हे इंग्लिश चित्रकार फ्रान्सिस बॅरॉड (१८५६–१९२४) यांनी रंगवलेले कुत्र्याचे वास्तववादी तैलचित्र आहे. ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील बोधचिन्ह म्हणून ते मराठी घराघरांत पोहोचले. बालगंधर्वांची नाट्यपदे ऐकणाऱ्या अनेकांनी ते चित्र म्हणून नव्हे, तर ‘कुत्र्याचा छाप’ म्हणूनच ओळखले.

चित्रातील निपर हा कुत्रा प्रथम बॅरॉड यांच्या थोरल्या भावाचा, मार्क यांचा होता. १८८७ मध्ये मार्क यांचे निधन झाल्यावर तो फ्रान्सिस यांच्याकडे आला व १८९५ मध्ये मेला. चित्र त्यानंतर सुमारे तीन वर्षांनी रंगवले गेले. म्हणजे समोर नमुना नसताना. तरीही कललेली मान, पुढे झुकलेले कान, कर्ण्याच्या तोंडाशी खिळलेली नजर आणि गुळगुळीत पृष्ठभागावरील प्रतिबिंब यांत निरीक्षणाचा नेमकेपणा दिसतो. मराठवाड्यातील, परभणीकडच्या वाचकाला परिचित असलेला कारवानी कुत्रा सडपातळ व लांब मुस्कटाचा असतो. निपर त्याउलट आटोपशीर बांध्याचा, पांढऱ्या अंगाचा व गडद कानांचा मिश्र टेरियर होता.

मूळ चित्रात निपर एडिसन पद्धतीच्या नळकांडी फोनोग्राफपुढे बसला होता. रॉयल अकादमीने ते प्रदर्शनासाठी स्वीकारले नाही. फोनोग्राफ विकणाऱ्या कंपनीनेही नकार दिला. काळ्या कर्ण्याऐवजी पितळी कर्णा रंगवावा म्हणून तो उसना मागायला बॅरॉड १८९९ मध्ये लंडनच्या ग्रामोफोन कंपनीत गेले. तेथील व्यवस्थापक विल्यम बॅरी ओवेन यांनी यंत्र बदलून आपला ग्रामोफोन रंगवल्यास चित्र विकत घेण्याची तयारी दाखवली. तैलरंगाच्या वाळलेल्या थरावर नवा थर चढवता येत असल्याने हे शक्य झाले. विशिष्ट प्रकाशात जुन्या यंत्राची आकृती आजही खालून जाणवते. चित्रासाठी ५० पौंड व हक्कांसाठी ५० पौंड एवढा मोबदला मिळाला.

या बदलात एक विसंगती मात्र शिरली. फोनोग्राफवर घरच्या माणसाचा आवाज मुद्रित करता येई. ग्रामोफोनवर केवळ तयार तबकडी वाजे. धन्याचा आवाज ऐकणारा कुत्रा ही मूळ कल्पना त्यामुळे पहिल्या यंत्रालाच अधिक लागू पडते.

कंपनीने पुढे बॅरॉड यांच्याकडून याच चित्राच्या अनेक प्रती करून घेतल्या व उतारवयात त्यांना निवृत्तिवेतन दिले. भारतात कंपनीचा तबकड्यांचा कारखाना १९०८ मध्ये कलकत्त्यात सुरू झाला.