थंडगार पाणी प्यायल्याने कॅलरी जळतात का?

वजन कमी करू पाहणारे अनेक जण हा प्रश्न विचारतात, आणि काही जण तर हिशोबच मांडून आणतात. फ्रिजमधले पाणी ५ अंश सेल्सिअसचे, शरीर ३७ अंशांचे, म्हणजे पाणी ३२ अंशांनी तापवावे लागणार. १ ग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला १ कॅलरी लागते, हे शाळेत शिकलेले असते. पेल्यात २५० ग्रॅम पाणी. २५० गुणिले ३२ म्हणजे ८,००० कॅलरी! दिवसभराचे २,००० कॅलरींचे जेवण पाव पेल्यातच खर्ची पडायला हवे.

गुणाकार अगदी बरोबर आहे. गोंधळ आहे तो ‘कॅलरी’ या शब्दात. आहाराबद्दल बोलताना आपण जिला कॅलरी म्हणतो ती प्रत्यक्षात किलोकॅलरी असते, म्हणजे शाळेतल्या कॅलरीच्या हजारपट. एवढी ऊर्जा १ लिटर पाणी १ अंशाने तापवते. बोलण्यात ‘किलो’ गळून पडला, इतकेच. तेव्हा पेलाभर गार पाण्याचे खरे उत्तर येते ८ किलोकॅलरी. चहात टाकलेल्या एका चमचा साखरेत (५ ग्रॅम) २० असतात.

हे ८ सुद्धा पूर्ण पदरात पडतीलच असे नाही. शरीर एरवीही सतत उष्णता बाहेर टाकत असते. गार पाणी पोटात गेले की त्वचेकडचा रक्तप्रवाह थोडा कमी करून ते तीच उष्णता वाचवू शकते. त्यासाठी चरबी जाळायलाच हवी असे नाही.

उलट बाजूने पाहिले की अन्नातल्या ऊर्जेचा अंदाज येतो. मध्यम आकाराच्या एका पोळीत साधारण १०० किलोकॅलरी असतात. तेवढ्या उष्णतेने शून्य अंशाचे १ लिटर पाणी उकळीला येईल. अन्नातली ऊर्जा मोजण्याची मूळ पद्धतही अशीच आहे: पदार्थ बंद भांड्यात पूर्ण जाळायचा आणि भोवतालचे पाणी किती तापले ते पाहायचे. मात्र चोथा त्या भांड्यात जळतो, आपल्या आतड्यात फारसा पचत नाही. म्हणून पाकिटावरचे आकडे पचनाचा विचार करून काढतात: प्रथिने आणि कर्बोदके ग्रॅमला ४, स्निग्ध पदार्थ ९.

पाणी पिण्याचा फायदा वेगळ्या कारणाने होतो. ३० ग्रॅम साखर असलेल्या शीतपेयाऐवजी साधे पाणी घेतलेत, तर १२० किलोकॅलरी टळतात. पाणी गार असो वा माठातले.

काळजी वाटते ती या हिशोबावर विसंबून जेवण टाळणाऱ्यांची. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना जेवण चुकवले, तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात डॉक्टरांनी पाण्याचे प्रमाण ठरवून दिले असेल तर ते ओलांडू नका. निरोगी माणसानेही थोड्या वेळात लिटरच्या लिटर पाणी पिऊ नये. रक्तातले सोडियम कमी होऊन डोकेदुखी, उलट्या, गोंधळलेपणा, क्वचित झटकेही येतात. अशी लक्षणे दिसली तर लगेच रुग्णालय गाठा.

पाकिटावर ऊर्जा किलोज्यूलमध्ये दिली असेल तर त्या आकड्याला ४.२ ने भागा, किलोकॅलरी मिळतील. आणि तो आकडा १०० ग्रॅमचा आहे की अख्ख्या पाकिटाचा, तेही पाहा.