आईचा सिनेमा आणि दीड जीबी

परवा चामोर्शीहून आईचा फोन. "अरे, सिनेमा अर्ध्यातच अडकला ना रे बापा!" रोजचा दीड जीबी संपलेला. एचडी मीच लावून दिलं होतं!

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांना इंटरनेट दिलं, तेव्हा तास मोजायचे. पुढे ५६ केबीपीएसचं डायल-अप आलं, तरी तासाला जेमतेम २५ एमबी. ब्रॉडबँड आल्यावर मोजणी एमबीत गेली आणि २०१६त जिओ आल्यावर रोजच्या जीबीत.

सूत्र सोपं: एमबीपीएस गुणिले ४५० म्हणजे तासाचे एमबी. ५ एमबीपीएसचं एचडी तासाला सव्वादोन जीबी खातं. १ एमबीपीएसवर तीन तासांचा सिनेमा १.३५ जीबीत बसतो.

आईला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग रात्री तुझं तोंड कशात पाहू?"

आता ती सिनेमा दोन दिवसांत पाहते. असो.