फोटो काढायला हो म्हटलं, दाखवायला नाही

आजचा विषय जरा अवघड आहे. सासूबाई शेजारी बसल्या असतील तर त्यांनाही ऐकू द्या.

१९९४ साली आपल्याकडं मोबाईल नव्हते. तरी जळगावात मुलींचे फोटो, चित्रफिती काढून, त्या दाखवायची धमकी देऊन पुन्हा पुन्हा अत्याचार केल्याचं प्रकरण उघडकीला आलं. अरविंद इनामदारांच्या नेतृत्वाखाली खास पथक नेमलं. मीरां बोरवणकरही तपासात होत्या. पण बदनामीच्या धाकानं कितीतरी जणी पुढं आल्याच नाहीत, आणि पुढं बरेच आरोपी सुटले. पेपरवाल्यांनी नाव दिलं 'वासनाकांड'. त्या नावात धमकीचा मागमूसही नाही, हे मला आजही खटकतं.

तेव्हा बलात्काराला, धमकीला कलमं होती. फोटो पसरवण्याला मात्र इंग्रजी अमदानीतलं अश्लीलतेचं कलम २९२. चित्र अश्लील आहे का, एवढंच ते बघायचं. बाईला विचारलं होतं का, हा प्रश्नच त्यात नव्हता. उलट, फोटो काढू दिलास कशाला, असं तिलाच ऐकावं लागे.

२००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला, त्यातही आधी अश्लीलताच. २००९ मध्ये कलम ६६ई लागू झालं, तेव्हा कुठं बाईची संमती मोजली जाऊ लागली. मग डिसेंबर २०१२ मधली दिल्लीची घटना, न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल, आणि २०१३ चं कलम ३५४क. त्यात साफ लिहिलंय: तिनं फोटो काढायला संमती दिली असेल, पण दुसऱ्याला द्यायला दिली नसेल, तर पसरवणं हा गुन्हा. विश्वासानं मित्राला काढू दिलेला फोटोही यात येतो. १ जुलै २०२४ पासून हेच भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ झालं. पहिल्यांदा एक ते तीन वर्षं कैद, पुन्हा केलं तर तीन ते सात.

असं कुणावर आलं तर घाबरून मेसेज पुसू नका, तोच पुरावा. पौडला ओळखीचे लोक भेटतील असं वाटलं, तर दुसऱ्या कुठल्याही ठाण्यात तक्रार देता येते, आणि ती महिला अधिकाऱ्यानंच लिहून घ्यायची असते. २०२१ च्या नियमांनी असा फोटो चोवीस तासांत काढायचं बंधन कंपन्यांवर घातलं. ती तक्रार तुमच्या वतीनं बहीणही करू शकते. बाईला सरकारी वकील-मदत मोफत मिळते, तिथं उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आणि नुसतं बोलायचं असेल तर महिला हेल्पलाईन आहे, १८१.